डावा, उजवा आणि फिरवलेला

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक लोखंडी तुकडा आहे. जाड पत्रा वाकवून केलेला, एल आकाराचा, आडव्या पायावर एका कडेला भोक असलेला ब्रॅकेट. कागद उडू नयेत म्हणून तो ठेवला आहे, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. दोन कादंबऱ्यांची हस्तलिखिते त्याने सांभाळली. पण तो तिथे का आहे, हे मी कुणाला सांगितले नव्हते. ते सांगण्याची वेळ आठवीतल्या नातीच्या भूमितीने आणली.

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरी ती शनिवारी येते. तिचे वडील चाकणला नोकरीला. शिफ्टच्या बसमागे धावण्यात त्यांचा आठवडा संपतो, त्यामुळे गणित आजोबांकडे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला गणित येतेच, अशी आमच्या घरची श्रद्धा आहे. मीही ती कधी मोडली नाही. त्या शनिवारी मात्र ती वही माझ्यापुढे आपटून म्हणाली, ‘‘आजोबा, मला हे फिरवणं जमतच नाहीये. मी फिरवते, आणि टीचर म्हणतात चूक.’’

प्रश्न साधा होता. आलेखाच्या कागदावर एक काटकोन त्रिकोण. त्याचे शिरोबिंदू (१, १), (४, १) आणि (१, ३). हा त्रिकोण आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंशांतून फिरवा. नातीने त्रिकोण फिरवला होता, पण जागच्या जागी. त्याच्या पोटात कुठेतरी खिळा ठोकल्यासारखा तो गरकन वळून तिथेच उभा होता. खोडून दुसऱ्यांदा केले तेव्हा त्रिकोण उजवीकडे खाली, चौथ्या चरणात, म्हणजे बरोबर जागी गेला होता. पण वळलाच नव्हता. जसा होता तसा, तोंड न फिरवता, खाली सरकला होता.

आमच्या शाळेत, पन्नास वर्षांपूर्वी, आकृत्या जागच्या हलत नसत. त्रिकोण दिलेला असे, आपण सिद्ध करायचे, आणि ‘हेच सिद्ध करायचे होते’ असे लिहून सुटायचे. त्यामुळे नातीची चूक कळली, पण ती का होते हे मला सांगता येईना. दोन दिवस विचार केला तेव्हा उत्तर सापडले ते जत्रेत, घरात आणि देवळात.

आपल्या भोवती फिरण्याचे तीन प्रकार आहेत आणि आपण तिघांनाही ‘फिरणे’च म्हणतो. पहिला जात्याचा. जात्याची वरची तळी आपल्याच मध्याभोवती फिरते, जागा सोडत नाही. दुसरा जत्रेतल्या आकाशपाळण्याचा. पाळणा वर जातो, पलीकडे उतरतो, पुरते वर्तुळ करतो. पण त्यात बसलेल्या माणसाचे डोके सतत आभाळाकडेच असते. तो वर्तुळात जातो, स्वतः वळत नाही. तिसरा प्रदक्षिणेचा. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीला प्रदक्षिणा घालताना देऊळ सतत आपल्या उजव्या हाताला राहते. आपण जागाही बदलतो आणि वळतोही. पाव प्रदक्षिणा झाली की आपले तोंडही बरोबर पाव वळलेले असते.

भूमितीतले फिरवणे हे प्रदक्षिणेचे फिरवणे आहे. नातीने पहिल्यांदा जाते केले, दुसऱ्यांदा आकाशपाळणा केला. गंमत अशी, की आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी यातले दोन वेगळे शब्द मुलांना केव्हाच दिले आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. भूगोलाच्या तासाला मूल हा फरक पाठ करते आणि गणिताच्या तासाला विसरते, कारण कुणी त्याला सांगत नाही, की ही शिकवणी तीच आहे.

पुढच्या शनिवारी मी स्वयंपाकघरातून बटर पेपर आणि शिवणाच्या डब्यातून टाचणी घेऊन बसलो. आलेखावर बटर पेपर ठेवला, त्रिकोण गिरवला आणि टाचणी टोचली ती त्रिकोणात नव्हे, आरंभबिंदूवर. ‘‘आता कागद फिरव.’’ तिने तो सावकाश पाव वळसा फिरवला. त्रिकोण मोठ्या रिंगणातून वळत वळत चौथ्या चरणात गेला आणि आडवा होता तो उभा झाला. शिरोबिंदू आले (१, -१), (१, -४) आणि (३, -१). ती काही वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, आकडे तेच आहेत. फक्त जागा बदलल्यात आणि दुसऱ्याला उणे लागलंय.’’ नियम तिचा तिने काढला. असा नियम मूल सहसा विसरत नाही.

मग मी तिला तीन प्रश्न लिहून दिले. कशाभोवती? किती? कोणत्या बाजूने? केंद्र, कोन आणि दिशा. या तिघांतले एक जरी राहिले, तर ‘फिरवा’ या आज्ञेला अर्थ नाही. बँकेत आम्ही कर्जाच्या अर्जावर रक्कम, मुदत आणि व्याजदर यांतले एक जरी रिकामे असले तरी अर्ज परत करत असू, तसेच हे.

उलटा खेळही मजेचा. त्रिकोण आणि त्याची फिरवलेली आकृती दोन्ही दिलेली आहेत. टाचणी कुठे होती ते शोधा. शिरोबिंदू आणि त्याची नवी जागा यांना जोडा आणि त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढा. दुसऱ्या शिरोबिंदूसाठीही तेच करा. दोन लंबदुभाजक जिथे छेदतात तिथे टाचणी होती. कारण सरळ आहे. फिरताना बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर बदलत नाही, म्हणून केंद्र दोन्ही जागांपासून सारखेच दूर, आणि लंबदुभाजकावरच्या बिंदूंचा गुण नेमका तोच. लंबदुभाजक हा शाळेत कंपास वापरून काढायचा आणि मार्क मिळवायचा एक प्रकार, एवढीच माझी समजूत होती. फडताळाच्या उघड्या दाराच्या दोन अवस्था पाहून बिजागरी कुठे असेल ते तो सांगतो, हे मला साठीनंतर कळले.

हा आठवीच्या पोरीचा गृहपाठ, त्यासाठी रविवारची अख्खी पुरवणी कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांनी आमच्या पट्ट्यात एक फेरी मारावी. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मागोमाग टेल्को आणि बजाज आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणच्या कांद्या-बटाट्याच्या बाजाराशेजारून मोटारींचे कारखाने पसरत गेले. या साऱ्या मुलखाची भाकरी फिरण्यावर आहे. लेथवर जॉब फिरतो, ड्रिलमध्ये हत्यार फिरते. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये मिलिंग मशिनवर ‘डिव्हायडिंग हेड’ नावाचे यंत्र दिसेल. त्याचा दांडा ४० वेळा फिरवला की जॉब एकदा फिरतो. चकतीवर पाच भोके हवीत? प्रत्येक भोकानंतर दांडा आठ वेळा फिरवा. सहा हवीत? मग ४० भागिले ६, म्हणजे सहा पूर्ण फेरे आणि वर दोन तृतीयांश. तेवढ्यासाठी १८ छिद्रांच्या रिंगणावर १२ छिद्रे पुढे जायचे. अपूर्णांकाने तोंड वाकडे करणारी मुले पुढे आयटीआयमधून बाहेर पडून हे हिशेब बोटांवर करताना मी पाहिली आहेत.

याच पट्ट्यातून शाळेकडे गेलेला एक माणूस आठवतो. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून शिकून टेल्कोच्या इथल्या कारखान्यात अभियंता झाले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात गेले आणि आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमिती दाखवू लागले. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो आणि चार काड्यांचा चौकोन डुगडुगतो, कारण त्याच्या कोपऱ्यांत काड्या फिरू शकतात. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी असंख्य खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याही आधी, १८९३ मध्ये, मद्रासला टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक काढले होते. त्याची दखल जर्मनीच्या फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाने घेतली. हे क्लाइन तेच, ज्यांनी १८७२ मध्ये मांडले होते, की भूमिती म्हणजे आकृती हलवल्यावर, फिरवल्यावर काय बदलत नाही याचा अभ्यास.

काय बदलत नाही? हा प्रश्न मी नातीला विचारला. ती भराभर म्हणाली, लांबी बदलत नाही, कोन बदलत नाहीत, क्षेत्रफळ बदलत नाही. सगळे बरोबर. ‘‘पण हे तर आरशातल्या आकृतीतही बदलत नाही. मग फिरवलेली कोणती आणि आरशातली कोणती, हे ओळखायचं कसं?’’ ती अडली. आणि खरे सांगायचे तर तिला विचारता विचारता मीही अडलो. कारण हाच प्रश्न १९९७ साली माझ्या टेबलावर, माझ्यासमोर ठेवला गेला होता.

तेव्हा मी भोसरीच्या शाखेत होतो. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर नवे नियम आले होते, दोन तिमाह्यांचे हप्ते थकले की खाते अनुत्पादक धरायचे, आणि वरिष्ठ कार्यालयातून रोज यादी मागितली जात होती. त्या यादीत एका लघुउद्योजकाचे नाव आले. सगळे त्यांना मामा म्हणत. दोन लेथ, एक पॉवर प्रेस, चार कामगार. एका मोठ्या पुरवठादाराकडून त्यांनी ब्रॅकेटची ऑर्डर घेतली होती. चारशे डावे, चारशे उजवे. माल गेला आणि उजव्यांची अख्खी लॉट परत आली. पत्र्याचे पैसे गेले, मजुरी गेली, पुढची ऑर्डर गेली. हप्ते थकले.

मामा शाखेत आले ते पिशवीत दोन ब्रॅकेट घेऊन. दोन्ही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. एकाची जीभ उजवीकडे, एकाची डावीकडे. म्हणाले, ‘‘साहेब, सांगा, यातला उजवा कोणता?’’ मी क्षणभर पाहिले आणि आत्मविश्वासाने एकाकडे बोट केले. मामा हसले. ‘‘दोन्ही डावेच आहेत, साहेब.’’

त्यांनी समजावून सांगितले. ड्रॉइंगवर फक्त डावा ब्रॅकेट काढलेला असतो आणि खाली टीप असते, की उजवा याच्या विरुद्ध हाताचा. प्रेसवर मराठवाड्यातून नुकताच आलेला, नववीतून शाळा सुटलेला मुलगा होता. इंग्रजी टीप त्याला वाचता येईना. कुणीतरी सांगितले, ‘‘उजवा म्हणजे याच्या उलटा.’’ त्याने तयार झालेला ब्रॅकेट हातात धरला, अर्धा वळसा फिरवला. जीभ डावीकडे होती ती उजवीकडे गेली. झाला उलटा! त्याने आठशेच्या आठशे एकसारखे काढले आणि अर्धे फिरवून दुसऱ्या क्रेटमध्ये रचले. समोरून पाहिले तर उजवाच दिसे. फक्त जे भोक आपल्या बाजूला हवे ते पलीकडच्या कडेला गेलेले असे.

मी हसून मान डोलावली. आणि ते गेल्यावर टिपणात लिहिले: कर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान. खाली सही केली. वसुलीची नोटीस गेली.

आज तो प्रसंग आठवला की वाटते, त्या पोराचा दोष काय होता? दोष असेल तर आपल्या ‘उलटा’ या शब्दाचा. शर्ट उलटा घातला म्हणजे आतली बाजू बाहेर आली. पातेले उलटे ठेवले म्हणजे पालथे घातले. उलट्या पावली गेला म्हणजे मागे फिरला. स्क्रू उलटा फिरव म्हणजे डावीकडे फिरव. आणि आरशातही सगळे उलटे दिसते. पाच वेगळ्या क्रिया, शब्द एक. घरात हे चालते, कारण शर्ट समोर असतो. प्रेसवर चालत नाही. ‘विरुद्ध हाताचा’ हा शब्द मात्र नेमका आहे. डावा हात कसाही फिरवा, उजवा होत नाही. डाव्या पायाची चप्पल गरागरा फिरवा, डावीच राहते. सायकलच्या डाव्या पायडलला डावे आटे असतात. तो पायडल उलटसुलट कसाही धरा, उजवीकडच्या क्रँकमध्ये बसत नाही.

कागदावरची आकृती आपल्याला इथे फसवते. ती कातरून, उचलून पालथी घातली की आरशातली आकृती मिळते. कागद पालथा घालायला त्याच्या बाहेरची जागा आपल्याला उपलब्ध असते. पण वाकवलेल्या पत्र्याला अशी बाहेरची जागा नाही. सपाट असतानाच त्याला पालथा घालून मग वाकवला असता तर उजवा झाला असता. एकदा वाकला की सुटका नाही.

मनातल्या मनात वस्तू फिरवणे हे कष्टाचे काम आहे, हे आता मानसशास्त्रानेही मोजले आहे. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या अमेरिकी संशोधकांनी माणसांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. काही जोड्या एकच वस्तू फिरवून काढलेल्या, काही आरशातल्या. दोन चित्रांतला कोन जितका मोठा, तितका ‘एकच आहे’ हे सांगायला वेळ जास्त. आणि तो वेळ कोनाच्या प्रमाणात, अगदी सरळ रेषेत वाढत गेला. म्हणजे आपण खरोखरच डोक्यात वस्तू हळूहळू फिरवतो. त्या प्रेसवरच्या मुलाला तेवढी सवड कोण देणार होते? आणि मला तर सवड होती, खुर्ची होती, पदवी होती. तरी मी चुकीच्याच ब्रॅकेटकडे बोट केले होते.

मामांनी एक लेथ विकली आणि चौदा महिन्यांत खाते बंद केले. सवलत मागितली नाही. शेवटच्या दिवशी मी ड्रॉवरमधला तो ब्रॅकेट परत देऊ लागलो तेव्हा म्हणाले, ‘‘राहू द्या, साहेब. आमच्याकडं भंगारात किलोवर जाईल. इथं निदान कागदावर ठेवायला होईल.’’ त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

हे सगळे मी नातीला सांगितले. तिने ब्रॅकेट हातात घेतला, सगळ्या बाजूंनी फिरवला. मग वहीत त्रिकोणाला अ, ब, क अशी नावे दिली आणि बोटाने अ पासून ब, ब पासून क अशी फेरी मारली. ‘‘मूळ आकृतीत अ-ब-क घड्याळाच्या उलट जातंय. फिरवलेल्यातही तसंच जातंय. पण आरशातल्यात ते घड्याळासारखं जाईल. बघा ना!’’ आम्ही पाहिले. तसेच होते. कितीही फिरवा, फेरीची दिशा बदलत नाही. आरसा मात्र ती एका क्षणात बदलतो. ही कसोटी मला १९९७ मध्ये माहीत असती तर मामांच्या नुकसानीत एका पैशाची घट झाली नसती. पण टिपणात मी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहिला नसता.

‘‘मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?’’ तिने विचारले. मुले असे प्रश्न फार सरळ विचारतात. मामा जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती. त्यांचा मुलगा आता चाकणच्या रस्त्याला शेड चालवतो, एवढे मला ठाऊक होते. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून आम्ही शनिवारी गेलो.

मुलाने खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. आत दोन संगणकावर चालणारी यंत्रे होती. मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. थोडे अडखळत, पण बोललो. तो ऐकून म्हणाला, ‘‘काका, बाबा त्या लॉटबद्दल बँकेला कधी बोलले नाहीत. ते स्वतःलाच बोलायचे. आणि मग त्यांनी हे केलं.’’ त्याने मांडणीवरून एक जुनी फिक्श्चर काढली. ब्रॅकेट ठेवायची बैठक, आणि त्यात मध्यापासून जरा बाजूला ठोकलेली एक पिन. ‘‘उजव्याच्या बैठकीत डावा बसतच नाही. कसाही फिरवा.’’

जपानी अभियंते याला पोका-योके म्हणतात. चूक होऊच नये अशी रचना. मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तो याचसाठी. नुसत्या आयताला अर्धा वळसा दिला तरी तो पुन्हा तसाच बसला असता. आपल्या तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन याचसाठी. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी पोराला कामावरून काढले नाही, त्याला शिव्या दिल्या नाहीत. एक पिन ठोकली.

निघताना मी पिशवीतला ब्रॅकेट काढून मुलाच्या हातात देऊ लागलो. त्याआधीच नातीने तो घेतला, फिक्श्चरवर ठेवून पाहिला, अर्धा वळसा फिरवून पाहिला, पालथा घालून पाहिला. पिन आडवी येत राहिली.

‘‘नाही बसत,’’ ती म्हणाली, आणि समाधानाने तो परत माझ्या पिशवीत टाकला.